पानापासून पुडीपर्यंत : हिरव्या पूरक आहाराचा इतिहास आणि तळोदा परिसरातील पालेभाज्यांचा प्रश्न

बीजसंज्ञा : रानभाज्या, संरक्षक अन्न, फोलिक आम्ल, पर्णप्रथिन, पूरक आहार, सातपुडा, तळोदा

प्रस्तावना

मानवी आहाराचा इतिहास हा केवळ चवीचा किंवा पाककृतींचा इतिहास नसतो. जमीन कोणाच्या ताब्यात आहे, जंगलावर कोणाचा अधिकार आहे, घरातील श्रम कोण करते आणि शासन नागरिकाच्या शरीराकडे कोणत्या दृष्टीने पाहते, या सर्व प्रश्नांची उत्तरे ताटात उमटलेली असतात. मराठी इतिहासलेखनात राजकीय घडामोडी, समाजसुधारणा व कृषिसंबंध यांवर विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने आहाराच्या, विशेषतः पालेभाज्यांसारख्या 'क्षुल्लक' मानल्या गेलेल्या अन्नाच्या इतिहासाकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे.

गेल्या काही वर्षांत शहरी बाजारपेठेत हिरव्या रंगाच्या पुड्यांनी मोठी जागा व्यापली आहे. शेवग्याच्या पाल्याची पूड, गव्हांकुराची पूड, स्पिरुलिनाच्या गोळ्या आणि विविध भाज्यांचे मिश्रण असलेली चूर्णे 'सुपरफूड' या नावाने विकली जातात. रोज पुरेशा भाज्या खाणे शक्य होत नसेल तर एक चमचा पूड पाण्यात मिसळून घ्यावी, असा त्यांचा आशय असतो. तालुक्याच्या ठिकाणच्या औषधांच्या दुकानांतूनही आता ही उत्पादने दिसू लागली आहेत. ज्या सातपुड्याच्या पायथ्याशी पावसाळ्यात बांधाबांधावर खाण्याजोगा पाला उगवतो, त्या तळोद्यासारख्या गावात डबाबंद हिरवी पूड पोहोचावी, ही घटना इतिहासाच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारी आहे.

उद्दिष्टे व मर्यादा

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत : (१) पालेभाजीचे 'अन्नघटक', 'गोळी' व 'पूड' यांत झालेले रूपांतर ऐतिहासिक क्रमाने मांडणे, (२) या प्रक्रियेतील महाराष्ट्राचा वाटा स्पष्ट करणे, (३) तळोदा परिसराच्या संदर्भात पूड व पान यांचा परस्परसंबंध तपासणे. लेख प्रामुख्याने प्रकाशित दुय्यम साधनांवर आधारलेला असून त्याची पद्धती ऐतिहासिक-विश्लेषणात्मक आहे. विशिष्ट रुग्णासाठी आहार सुचविणे हा त्याचा हेतू नाही.

तळोदा परिसर : भूमी आणि भाजी

तळोदा हा नंदुरबार जिल्ह्यातील तालुका उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आणि दक्षिणेस तापी खोऱ्याचा सपाट प्रदेश यांच्यामध्ये वसलेला आहे. ब्रिटिश काळात तो खानदेश जिल्ह्यात होता. १९०६ मध्ये खानदेशाचे विभाजन झाल्यावर तो पश्चिम खानदेशात, पुढे धुळे जिल्ह्यात आणि १ जुलै १९९८ पासून नव्याने स्थापन झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात समाविष्ट झाला. भिल्ल, पावरा, तडवी इत्यादी आदिवासी समाज आणि सपाटीवरील गुजर व अन्य शेतकरी समाज ही येथील लोकसंख्येची प्रमुख अंगे होत.

डोंगर आणि सपाटी या दोहोंच्या सीमेवर असल्यामुळे येथील भाजीचे स्रोतही दोन प्रकारचे होते. पहिला स्रोत जंगल. कर्टोली (खानदेशात कटुर्ले), बांबूचे कोवळे कोंब, शेवळ, चाईचा वेल, कुड्याची फुले, मोहाची फुले व विविध कंद हे अन्न जंगलातून येत असे. दुसरा स्रोत शेत, बांध आणि पडीक जमीन. तरोटा, कुरडू, माठ, तांदुळजा, घोळ, केना, पाथरी या भाज्या कोणी पेरत नसे. त्या ज्वारी-बाजरीच्या पिकात आपोआप उगवत आणि निंदणी करणाऱ्या बाया त्या खुडून पदरात घरी आणत. शेतकऱ्याच्या दृष्टीने जे तण, तेच मजुराच्या दृष्टीने कालवण होते. यांखेरीज अंबाडी ही पिकाच्या कडेने लावली जाई. भाकरीबरोबर अंबाडीची भाजी हे या भागातील परिचित जेवण आहे.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पाला वाळवून साठविण्याची कल्पना ग्रामीण समाजाला नवीन नव्हती. हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून, सावलीत वाळवून, हाताने चुरून ठेवण्याची आणि उन्हाळ्यात भाजी दुर्मिळ झाल्यावर ती शिजविण्याची पद्धत महाराष्ट्राच्या अनेक भागांत आढळते. म्हणजेच 'हिरवी पूड' घरात पूर्वीपासून होती. मात्र ती हंगामांमधील पोकळी भरून काढण्यासाठी होती. ताज्या भाजीच्या जागी बारमाही वापरण्यासाठी नव्हती. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

डॉ. डी. ए. पाटील यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या धुळे व नंदुरबार जिल्ह्यांच्या वनस्पतिसूचीमुळे या प्रदेशातील वनस्पतिवैभवाची शास्त्रीय नोंद उपलब्ध झाली. परंतु वनस्पतीची नोंद होणे आणि ती खाण्याचे ज्ञान टिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

दुष्काळाची सूची : वसाहतकालीन दृष्टी

इंग्रज अधिकाऱ्यांनी रानभाज्यांची दखल घेतली ती मुख्यतः दुष्काळाच्या निमित्ताने. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाने, ज्याला लोकस्मृतीत 'छप्पनिया' म्हणून ओळखले जाते, मुंबई इलाख्यातील खानदेशासह अनेक जिल्हे होरपळून निघाले. त्यानंतर १९०२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जी. ए. गॅमी यांनी मुंबई इलाख्यात दुष्काळ व टंचाईच्या काळात खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींवरील टिपण भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या 'रेकॉर्ड्स'मध्ये प्रसिद्ध केले.

अशा सूचींचे मोल निर्विवाद आहे. तथापि त्यांच्या शीर्षकातच एक गृहीतक दडलेले आहे. या वनस्पती उपासमारीच्या काळातील नाइलाजाचे अन्न आहेत, हे ते गृहीतक होय. डोंगरातील कुटुंबे त्यांपैकी अनेक वनस्पती चांगल्या पावसाच्या वर्षीही आवडीने खात असत. 'दुष्काळी अन्न' हा शिक्का बसल्याने रानभाजी ही गरिबीची खूण ठरली आणि शिक्षणाने प्रतिष्ठा मिळविणाऱ्या पिढीला ती लपवावीशी वाटू लागली.

याच काळात अन्नाचा मूळ स्रोतही आकसत होता. १८७८ च्या वन कायद्याने व पुढे १९२७ च्या कायद्याने जंगलाचे राखीवीकरण झाले आणि जंगलातील वावर हा हक्क न राहता सवलत बनला. सरकारी दप्तरात एकीकडे खाद्य वनस्पतींची यादी तयार होत असताना दुसरीकडे त्या वनस्पतींपर्यंत जाणारी वाट बंद होत होती.

पानातून घटकाकडे : पोषणशास्त्राचा उदय

विसाव्या शतकाच्या आरंभी अन्नाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. १९१२ मध्ये कासिमीर फंक यांनी 'व्हिटामिन' ही संज्ञा मांडली. अमेरिकेतील एल्मर मॅक्‌कॉलम यांनी १९१८ मध्ये दूध व हिरवी पाने यांना 'संरक्षक अन्न' असे संबोधिले. ऊर्जा देणारे धान्य आणि रोगांपासून रक्षण करणारी पाने अशी विभागणी यातून रूढ झाली.

भारतात रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी १९१८ पासून निलगिरीतील कुन्नूर येथे संशोधन सुरू केले. त्या संस्थेचे संचालक म्हणून १९३५ मध्ये आलेले वॉलेस आयक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांवर 'हेल्थ बुलेटिन क्रमांक २३' सिद्ध केले. त्यातील समतोल आहाराच्या नमुन्यात प्रौढ व्यक्तीसाठी रोज ४ औंस हिरव्या पालेभाज्या आणि ६ औंस इतर भाज्या सुचविल्या होत्या. म्हणजे सुमारे २८० ग्रॅम. ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादला हलली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. याच संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत रोज किमान ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे घ्यावीत असे म्हटले आहे. सुमारे नव्वद वर्षांत शिफारशीचा आकडा वाढला. परंतु शिफारस आणि प्रत्यक्ष ताट यांतील अंतर मिटले नाही.

याच सुमारास महाराष्ट्राच्या भूमीवर एक निराळा प्रयोग चालू होता. डिसेंबर १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. महात्मा गांधींनी मगनवाडीत आहाराचे प्रयोग केले आणि फेब्रुवारी १९३५ मध्ये 'हरिजन'मधून हिरव्या पानांच्या अन्नमूल्याविषयी लिहिले. परिसरात आपोआप उगवणारी, फुकट मिळणारी पाने गरिबाच्या आहारात यावीत आणि त्यांची शास्त्रीय तपासणी व्हावी, ही त्यामागील भूमिका होती. आयक्रॉइड यांची दृष्टी तक्त्याची होती, तर गांधींची आवाराची होती. एकाने पानात काय आहे ते मोजले. दुसऱ्याने पान कोठे मिळते ते पाहिले. पुढील काळात शासकीय धोरणावर प्रभाव पडला तो प्रामुख्याने पहिल्या दृष्टीचा.

मुंबईच्या माता आणि फोलिक आम्ल

पानाचे गोळीत रूपांतर होण्याच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण मुंबईशी निगडित आहे. १९२८ मध्ये इंग्लंडमधील वैद्यक-संशोधिका लुसी विल्स या मुंबईत आल्या. येथील गरीब गर्भवती स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा त्यांनी हाफकिन संस्थेतून अभ्यास केला. भाज्या, फळे व दूध यांचा अभाव असलेला आहार आणि हा रक्तक्षय यांचा संबंध त्यांच्या लक्षात आला. यीस्टच्या अर्काने हा आजार बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधातून दाखवून दिले. यीस्टमधील त्या अज्ञात द्रव्याला पुढे 'विल्स घटक' असे नाव पडले.

दहा वर्षांनी, १९४१ मध्ये, अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात मिचेल, स्नेल व विल्यम्स यांनी सुमारे चार टन पालकाच्या पानांवर प्रक्रिया करून एक आम्ल वेगळे केले. पान या अर्थाच्या 'फोलियम' या लॅटिन शब्दावरून त्याला 'फोलिक आम्ल' असे नाव देण्यात आले. १९४५ च्या सुमारास लेडर्ले प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. त्या प्रयोगशाळेच्या संशोधनाची धुरा आंध्रात जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. मुंबईतील मातांचा आजार, टेक्सासमधील पालक आणि एका भारतीय शास्त्रज्ञाचे नेतृत्व यांच्या संगमातून ही गोळी जन्मास आली, असे म्हणता येईल.

या गोळीचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. १९९१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीने गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक आम्ल घेतल्यास बाळातील मज्जारज्जूच्या जन्मजात व्यंगांचा धोका मोठ्या प्रमाणात टळतो हे सिद्ध केले. पानांतील नैसर्गिक फोलेट शिजविताना बऱ्याच अंशी नष्ट होते, तर गोळीतील आम्ल शरीरात अधिक सहजतेने शोषले जाते. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल या आनुवंशिक आजाराचे रुग्ण लक्षणीय संख्येने आहेत. त्यांच्या उपचारांत फोलिक आम्लाची गोळी नित्याची असते. त्यांना 'गोळी सोडा, भाजी खा' असे सांगणे अनुचित आणि धोकादायक होय.

शासकीय गोळी : १९७० नंतरचा काळ

१९७० मध्ये भारत सरकारने पोषणजन्य रक्तक्षय प्रतिबंध कार्यक्रम हाती घेतला व गर्भवतींना लोह-फोलिक आम्लाच्या गोळ्या देण्यास आरंभ केला. त्याच वर्षी बालकांना अंधत्वापासून वाचविण्यासाठी 'अ' जीवनसत्त्वाची मोठी मात्रा देण्याचा कार्यक्रमही सुरू झाला. २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास सेवा योजनेद्वारे अंगणवाडीची व्यवस्था उभी राहिली. २०१२ मध्ये किशोरवयीनांसाठी साप्ताहिक गोळ्यांचा कार्यक्रम आणि २०१८ मध्ये 'ॲनिमियामुक्त भारत' अभियान आले.

या दीर्घ प्रयत्नांचे फलित संमिश्र आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमधील रक्तक्षयाचे प्रमाण देशात २०१५-१६ मध्ये ५३.१ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ५७ टक्के झाले. महाराष्ट्रात याच काळात ते ४८ वरून ५४.२ टक्क्यांवर गेले. नंदुरबार जिल्ह्यात पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालके वयाच्या मानाने कमी वजनाची असल्याचे याच सर्वेक्षणात आढळले. २०१८ मध्ये केंद्र शासनाने आकांक्षित म्हणून निवडलेल्या महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत नंदुरबारचा समावेश झाला.

गोळी निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. ती नियमित पोहोचत नाही, पोटात मळमळ झाल्याने घेतली जात नाही, आणि मुख्य म्हणजे रक्तक्षयाची कारणे एकाहून अधिक असतात. केवळ एका घटकाची पूर्तता केल्याने अपुऱ्या आहाराची पूर्तता होत नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने आदिवासी भागातील गर्भवती व स्तनदा मातांसाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू करून एक वेळचे शिजवलेले चौरस जेवण देण्याचे तत्त्व स्वीकारले. धोरणाची दिशा घटकाकडून पुन्हा ताटाकडे वळल्याची ही खूण आहे.

हिरव्या पुडीची वंशावळ

शासकीय गोळीच्या समांतर बाजारातील हिरव्या पुडीचाही स्वतंत्र इतिहास आहे. अमेरिकेतील कृषिरसायनज्ञ चार्ल्स श्नाबेल यांनी १९३० च्या सुमारास कोंबड्यांना वाळवलेले कोवळे तृणधान्यांचे गवत खाऊ घातले व अंड्यांचे प्रमाण वाढल्याचे पाहिले. त्यातून 'सेरोफिल' हे गवताच्या पुडीचे उत्पादन बाजारात आले. पुढे बोस्टनमध्ये ॲन विग्मोर यांनी गव्हांकुराच्या रसाचा प्रचार केला. जपानमध्ये योशिहिदे हागिवारा यांनी १९७० च्या सुमारास जवाच्या कोवळ्या पानांच्या रसाची पूड तयार केली. गव्हांकुराच्या रसाची लाट पुढे मुंबई-पुण्यातील उद्यानांच्या प्रवेशद्वारापर्यंत पोहोचली, हे अनेक वाचकांच्या परिचयाचे आहे.

परंतु सर्वच हिरव्या पुड्या बाजाराच्या पोटी जन्मल्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धकाळातील अन्नटंचाईत इंग्लंडमधील एन. डब्ल्यू. पिरी यांनी पानांतून प्रथिने काढून माणसाला खाऊ घालण्याची कल्पना मांडली. पाने कुटून रस काढावयाचा, तो तापवावयाचा, गोठलेला हिरवा साका गाळून घ्यावयाचा आणि उरलेला चोथा जनावरांना घालावयाचा, अशी ती साधी रीत होती. या संशोधनाचे भारतातील एक महत्त्वाचे केंद्र औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील मराठवाडा विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग होता. तेथे डॉ. आर. एन. जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लसूणघास व इतर अनेक वनस्पतींपासून पर्णप्रथिन मिळविण्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. कोरडवाहू प्रदेशातील एका विद्यापीठाने कुपोषणावर उत्तर शोधण्यासाठी केलेले हे काम आज जवळजवळ विस्मरणात गेले आहे.

पर्णप्रथिन पौष्टिक होते. तरी ते लोकांच्या जेवणात रुजले नाही. त्याचा गडद हिरवा रंग व गवतासारखी चव यांचा अडसर होताच. त्याहून मोठी गोष्ट अशी की, प्रक्रियेसाठी यंत्र, इंधन व संघटन लागे, आणि ज्याच्याकडे हे सर्व होते त्याला कुपोषणाची झळ नव्हती. स्पिरुलिनाच्या बाबतीतही साधारण असेच घडले. चेन्नईच्या मुरुगप्पा चेट्टियार संशोधन केंद्राने ग्रामीण स्त्रियांनी घरच्या घरी स्पिरुलिना वाढवावी यासाठी प्रयत्न केले. परंतु आज ती मुख्यत्वे शहरी ग्राहकाच्या डबीत आढळते. गरिबांसाठी कल्पिलेले हिरवे अन्न श्रीमंतांच्या आरोग्यसाधनेत स्थिरावले, ही या इतिहासातील विसंगती होय.

चमच्याचा हिशेब

पूड भाजीची जागा घेऊ शकते काय, या प्रश्नाचे उत्तर प्रथम साध्या गणिताने शोधता येते. पालकात सुमारे ९० टक्के पाणी असते. म्हणून १०० ग्रॅम पालक पूर्ण वाळविल्यास सुमारे १० ग्रॅम पूड मिळते. शेवग्याच्या पाल्यात पाणी सुमारे ७५ टक्के असल्याने १०० ग्रॅम पाल्याची सुमारे २५ ग्रॅम पूड होते. या हिशेबाने ५ ग्रॅमचा एक चमचा म्हणजे फार तर ५० ग्रॅम पालक किंवा २० ग्रॅम शेवग्याचा पाला. ४०० ग्रॅमच्या शिफारशीपुढे हे प्रमाण किती अल्प आहे, हे वेगळे सांगावयास नको. वाळविताना 'क' जीवनसत्त्वाचा बराच भाग नष्ट होतो, हे आणखी निराळे.

दुसरा मुद्दा घटक व अन्न यांच्या संबंधाचा आहे. भाज्या-फळे अधिक खाणाऱ्यांत कर्करोग कमी आढळतो, या निरीक्षणावरून बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या धूम्रपान करणाऱ्यांना देऊन पाहण्यात आल्या. फिनलंडमधील २९ हजारांहून अधिक पुरुषांवरील चाचणीत, १९९४ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतील तशीच एक चाचणी १९९६ मध्ये मुदतीपूर्वी थांबवावी लागली. पानात हितकर असलेला घटक पानाबाहेर काढून मोठ्या मात्रेत दिल्यास तो हितकर राहीलच असे नाही, हा धडा त्यातून मिळाला.

तथापि पानाचे गुणगान करतानाही तारतम्य हवे. १९९५ मध्ये इंडोनेशियातील स्तनदा मातांवर झालेल्या अभ्यासात शिजवलेल्या पालेभाज्यांनी 'अ' जीवनसत्त्वाच्या स्थितीत अपेक्षित सुधारणा झाली नाही, असे दिसून आले. पानांतील लोहही सहज शोषले जात नाही. ऑक्झलेटसारखी द्रव्ये त्यास अडथळा करतात. भाजीसोबत थोडे तेल आणि लिंबासारखे आंबट फळ असेल तर हे शोषण सुधारते. म्हणजेच पान एकटे पुरेसे नाही. त्याला तेल, डाळ, आंबट व भाकर यांची संगत लागते. आजीच्या स्वयंपाकातील फोडणीला पोषणशास्त्राचे हे समर्थन आहे. मात्र त्यासाठी घरात तेल असावे लागते.

कायद्याची भूमिकाही येथे ध्यानात घ्यावी. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली २०१६ मध्ये आरोग्यपूरके व न्यूट्रास्युटिकल्स यांसाठी विनियम करण्यात आले. त्यानुसार अशा उत्पादनांच्या वेष्टनावर ती औषधी उपयोगासाठी नसल्याचा उल्लेख आवश्यक आहे. जाहिरातीतील मोठी अक्षरे आणि वेष्टनावरील बारीक अक्षरे यांतील अंतर विद्यार्थ्यांना वाचावयास शिकविणे हे अध्यापकांचे काम आहे.

भाजी कोठे हरवली?

वरील विवेचनावरून मूळ प्रश्न पुडीचा नसून पानाच्या उपलब्धतेचा आहे, हे स्पष्ट होते. तळोदा-शहादा पट्ट्यात आदिवासींच्या जमिनी सावकारी व अन्य मार्गांनी हातातून गेल्या. त्याविरुद्ध अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली आणि १९७२ पासून श्रमिक संघटनेच्या माध्यमातून उभा राहिलेला लढा महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात नोंदला गेला आहे. या लढ्याचा अभ्यास जमीन, मजुरी व दारूबंदी या अंगांनी झाला. परंतु जमीन जाते तेव्हा केवळ धान्य जात नाही, बांधावरची अंबाडी आणि परसातला शेवगाही जातो, या अंगाने तो व्हावयास हवा.

सरदार सरोवर प्रकल्पात अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. त्यांतील अनेक कुटुंबांचे पुनर्वसन तळोदा तालुक्यात सोमावल, रोझवा यांसारख्या वसाहतींत वनजमीन मोकळी करून करण्यात आले. नदीकाठ व घनदाट डोंगर सोडून सपाटीवर आलेल्या या कुटुंबांना जमिनीचा मोबदला हेक्टरमध्ये मिळाला. हरवलेल्या रानभाजीचा मोबदला कोणत्याही तक्त्यात बसणारा नव्हता.

शेतीतील बदलही तितकाच निर्णायक आहे. ज्वारी-बाजरी, मोर, बर्टी यांच्या मिश्र शेतीची जागा सपाटीवर ऊस, कापूस, केळी व पपई या नगदी पिकांनी घेतली. निंदणीची जागा तणनाशकाने घेतली. तणनाशक तरोटा आणि तांदुळजा यांना ओळखत नाही. त्याच्या लेखी सर्व तणच असते. त्यामुळे मजूर स्त्रीची मजुरी आणि तिचे कालवण एकाच फवाऱ्यात नाहीसे होते. आठवडे बाजारात भाजी मिळते, परंतु ती पैसे मोजून. जे पूर्वी पदरात येत होते, त्यासाठी आता पाकीट उघडावे लागते.

अलीकडे काही आशादायक पावलेही पडली आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा व त्याच्या मालकीचा हक्क मान्य केला. कृषी विभाग व 'आत्मा' यांच्या वतीने पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरविले जातात. ज्या भाजीवर 'दुष्काळी' असा शिक्का बसला होता, तिला आता व्यासपीठ मिळते आहे. महोत्सवापुरती ही प्रतिष्ठा राहिली तर मात्र तिचा उपयोग मर्यादितच ठरेल. शेवग्याच्या पाल्याला शहरात भाव आला म्हणून डोंगरातील घराने तो विकून टाकावा व स्वतः भाजीविना राहावे, असेही घडू शकते.

निष्कर्ष

१. पालेभाजीचे गोळी व पुडीत झालेले रूपांतर हे आरंभी खऱ्या मानवी गरजेतून झाले. लुसी विल्स यांचे मुंबईतील कार्य व मराठवाडा विद्यापीठातील पर्णप्रथिन संशोधन ही त्याची महाराष्ट्रातील ठळक उदाहरणे होत.

२. विशिष्ट कमतरतेवर विशिष्ट गोळी प्रभावी ठरते. गर्भावस्था, सिकलसेल व तीव्र रक्तक्षय यांत वैद्यकीय सल्ल्याने दिलेल्या गोळीला पर्याय नाही. मात्र 'रोजच्या भाजीला पर्याय' हा हिरव्या पुडीचा दावा वजनाच्या साध्या हिशेबातही टिकत नाही.

३. वाळवलेल्या पाल्याची घरगुती परंपरा हंगामी पूरक स्वरूपाची होती. पुडीचे योग्य स्थान आजही तेच आहे.

४. तळोदा परिसरातील भाजीची टंचाई ही ज्ञानाच्या अभावापेक्षा जमीन, जंगल व श्रम यांच्या बदललेल्या संबंधांतून निर्माण झाली आहे. म्हणून 'लोकांना भाज्या खाण्याचे महत्त्व पटवून द्यावे' एवढेच सांगणारा उपदेश अपुरा ठरतो.

समारोप

तळोदा येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. तालुक्यात आश्रमशाळा आहेत, वसतिगृहे आहेत आणि महाविद्यालयीन शिक्षणाची सोय आहे. या संस्थांच्या आवारात शेवगा, हादगा, अंबाडी व माठ लावण्यास फार मोठ्या निधीची आवश्यकता नाही. इतिहास, वनस्पतिशास्त्र, गृहशास्त्र व मराठी या विभागांनी एकत्र येऊन रानभाज्यांची स्थानिक नावे, त्या खुडण्याचा काळ, शिजविण्याच्या पद्धती व निषिद्ध भाग यांची नोंद वृद्ध स्त्रियांकडून करून घेतल्यास आंतरविद्याशाखीय संशोधनाचा तो उत्तम विषय होईल. काही कंद व कोंब योग्य प्रक्रियेविना अपायकारक असतात. ती प्रक्रिया जाणणारी पिढी झपाट्याने कमी होत आहे. म्हणून या कामास विलंब परवडणारा नाही.

आपल्या वर्गात बसणारे अनेक विद्यार्थी ज्या घरांतून येतात, तेथे या ज्ञानाचा साठा अद्याप शिल्लक आहे. तो संकोचाचा विषय न राहता अभ्यासाचा विषय व्हावा आणि अभ्यासाबरोबरच तो त्यांच्या ताटातही राहावा, एवढीच अपेक्षा येथे नोंदविणे उचित ठरेल.